वहिनींची रात्रपाळी

अर्धांगवायूनं बाबांची उजवी बाजू गेली, त्याला अडीच वर्षं झाली. श्टुटगार्टहून मी दर महिन्याला पैसे पाठवतो. नागपुरात मानेवाड्याच्या घरी रात्री 12 ला, 2 ला आणि 4 ला उठून बाबांची कूस बदलतात त्या वहिनी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. मे महिन्यात मी घरी असताना भर दुपारी लाइट गेली. कूलर थांबला आणि हवेच्या गादीचा पंपही. वहिनी पोळ्या तशाच टाकून आल्या, गादी बसायच्या आत बाबांना कुशीवर घेतलं आणि ओल्या पंचानं पाठ पुसत राहिल्या. पूर्वी त्या एका खासगी शाळेत शिकवायच्या. ती नोकरी या आजारपणात सुटली.

घरी सांभाळणाऱ्याला सरकारनं भत्ता द्यावा, असं मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, ‘आता आईबापाच्या सेवेचेही पैसे घ्यायचे का?’ काकांनी स्वतः आजीचं सगळं केलं आहे, म्हणून त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं. पण तेव्हा घरात तीन सुना होत्या. आज वहिनी एकट्या आहेत.

इथं जर्मनीत 1995 पासून शुश्रूषा विमा आहे. पगारातून त्याचा हप्ता कापला जातो, माझ्याही. तपासनीस घरी येऊन बघतो : स्वतः आंघोळ जमते का, घास तोंडापर्यंत जातो का, रात्री कुणाला उठावं लागतं का. त्यावरून पाचपैकी एक श्रेणी ठरते. तिसऱ्या श्रेणीला घरच्यांनी सांभाळलं तर महिन्याला 599 युरो मिळतात. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी सोय. आठवड्याला किमान 10 तास शुश्रूषा करणाऱ्या आणि 30 तासांहून जास्त नोकरी नसलेल्या माणसाच्या पेन्शनचे हप्ते विमा भरतो. तो थकला, आजारी पडला, तर बदली माणसाचा खर्चही मिळतो.

म्हणून इथं सगळं छान आहे असं नाही. हप्ते वाढताहेत, आणि कित्येक म्हातारी माणसं पूर्व युरोपातून आलेल्या बायकांच्या भरवशावर आहेत. त्या बायकांचे आईवडील कोण बघतं, हा प्रश्न मला इथं रोज पडतो.

आपल्याकडे 2007 चा कायदा आहे. मुलांनी टाकलं तर म्हातारे आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊन महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत पोटगी मागू शकतात. श्रावणबाळ योजनेत 1,500 रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमधून 5 लाखांपर्यंत इलाज मिळतो, तोही दवाखान्यात भरती झाल्यावर. टाकून देणाऱ्या मुलाचा विचार कायद्यानं केला. न टाकणाऱ्या सुनेसाठी यात काहीच नाही. ती कुठल्या कागदावरच नाही.

महाराष्ट्राला जर्मनीइतके पैसे देता येणार नाहीत, हे मला समजतं. पण वॉर्डातल्या आरोग्य केंद्रातून आठवड्यातून दोनदा शिकलेली परिचारिका घरी आली, वहिनींच्या नावावर थोडी का होईना पेन्शन साठली, तर काकांच्या सेवाभावात काय कमी होणार आहे?

निघायच्या आदल्या रात्री मी वहिनींना विचारलं, सरकारनं काय द्यावं? त्या बाबांच्या टाचेखाली उशी सरकवत होत्या. म्हणाल्या, ‘‘पैशाचं राहू द्या, भाऊजी. हप्त्यातून एक रात्र पूर्ण झोपायले भेटली पाह्यजे.’’