किल्ल्या मागितल्या कुणी?

‘कैद्यांच्या नातेवाइकांना विचारून तुरुंगाचे नियम करायचे, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!’ असा एक संदेश बराच फिरतोय. खाली चार कारणं दिली आहेत: नातेवाईक पक्षपाती असतात, आत चोरटा माल तेच नेतात, गुन्ह्याची झळ बसलेल्यांना कुणी विचारत नाही, आणि तुरुंग चालवणं हे जाणकारांचं काम आहे. म्हण झकास आहे, पण किल्ल्या कुणी मागितलेल्याच नाहीत. मागणं एवढंच असतं की धोरणाचा मसुदा आधी दाखवा, सल्लागार समितीत एकदोन जागा द्या आणि सूचना फेटाळली तर कारण लेखी कळवा. सुटका, शिक्षेतली सूट, बराकींचा बंदोबस्त यांतलं काहीच त्यांच्या हाती जात नाही.

पक्षपाताचं म्हणाल तर तो असतोच. आईला मुलगा प्यारा असणारच. पण समितीतले बाकीचे कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? अधिकाऱ्याला कटकट नको असते, ठेकेदाराला ठेका हवा असतो, मंत्र्याला कडक दिसायचं असतं. यावरचा उपाय जुनाच आहे: आपल्या माणसाच्या प्रकरणावर बोलायचं नाही आणि मुदत संपली की जागा सोडायची.

जाणकारांचा मुद्दा मला सगळ्यात पोकळ वाटतो. नियम आत राबवला जातो, पण त्याचा अर्धा भार फाटकाबाहेर पडतो, आणि तो भार मोजणारं खातं नसतं. अमेरिकेतलं मार्था राइट यांचं उदाहरण घ्या. दृष्टी गेलेल्या या निवृत्त परिचारिकेचा नातू तुरुंगात होता आणि त्याच्याशी फोनवर बोलायचे दर परवडेनासे झाले होते. तुरुंगातली फोनसेवा एका कंपनीकडे असायची आणि तिच्या कमाईतला वाटा अनेक ठिकाणी तुरुंग चालवणाऱ्यांनाच मिळायचा. मग दर कमी करावेत असं आतल्या कुणाला का वाटेल? 2003 साली या आजी आणि त्यांच्यासारखे इतर काही जण दूरसंचार आयोगाकडे गेले. आयोगाला राज्याराज्यांमधल्या कॉलवर दरमर्यादा घालायला 2013 उजाडलं. आजी 2015 मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचा कायदा, ज्याने आयोगाला राज्यांतर्गत कॉलचे दर ठरवायचेही अधिकार दिले, तो जानेवारी 2023 मध्ये झाला. वीस वर्षं! ठेका देण्याआधी एका आजीला समोर बसवून ‘परवडेल का?’ एवढंच विचारलं असतं, तर हा प्रश्न तिथेच पुढे आला असता. यात कसली तज्ज्ञता लागते?

भेटीच्या वेळांचंही तसंच. भेटी कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवल्या की तुरुंगाच्या कागदावर भेटींची सोय दिसते आणि घरच्या कागदावर एका दिवसाचा रोजगार बुडालेला दिसतो. पहिला कागद समितीपुढे येतो, दुसरा येत नाही.

चोरट्या मालाच्या आरोपात मात्र तथ्य आहे. भेटीला येणारे काही जण आत वस्तू नेताना पकडले जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण 2020 मध्ये महासाथीमुळे टेक्सासच्या तुरुंगांतल्या भेटी बंद झाल्या, तरी आत अमली पदार्थ सापडतच राहिले. म्हणजे वाट आणखीही कुठून आहे. शिवाय झडतीचा आणि मसुद्यावर मत देण्याचा संबंध काय? मत देणाऱ्याचीही झडती घ्या की, कोण नको म्हणतं?

आता गुन्ह्याची झळ बसलेल्यांचं. त्यांना विचारायलाच हवं, आणि अनेक देशांत पॅरोलच्या, म्हणजे मुदतीआधी सोडण्याच्या, सुनावणीत त्यांचं म्हणणं ऐकलंही जातं. एकाला खुर्ची दिली म्हणून दुसऱ्याची काढून घ्यावी लागत नाही. संदेश लिहिणाऱ्याने एक गोष्ट लक्षातच घेतलेली नाही: हे दोन गट कित्येकदा एकाच घरात राहतात. नवऱ्याने मारहाण केली म्हणून तो आत आहे, तर ती बायको नातेवाईकही आहे आणि पीडितही. तो कधी सुटणार हे तिला आधी कळावं, तिला नको असेल तर त्याचा फोन येऊ नये, हे नियमसुद्धा तिच्याशी बोलूनच नीट होतील.

बरं, घरच्यांशी संबंध टिकवण्याचा उपयोग काय? 2017 मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या लॉर्ड फार्मर यांच्या कैद्यांच्या कौटुंबिक नात्यांवरच्या अहवालाने एक आकडा पुढे ठेवला: ज्या कैद्यांना घरचे भेटायला येतात, त्यांनी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता 39 टक्क्यांनी कमी. या आकड्यावर मी फार उड्या मारणार नाही, कारण ज्यांचं घर मुळात धड असतं त्यांनाच भेटायला जास्त माणसं येतात. पण अशा फरकांचा हिशेब धरायचा प्रयत्न करणाऱ्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या 2011 च्या अभ्यासातही गंभीर गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरण्याची शक्यता 13 टक्क्यांनी घटलेली दिसली. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियमही सांगतात की शिस्तीची शिक्षा म्हणून घरच्यांशी संपर्क तोडता येणार नाही.

खरी अडचण त्या संदेशात आलेलीच नाही. नातेवाईक बोलतील की नाही, हाच प्रश्न आहे. ज्याचा माणूस आत आहे, तो बाहेर शब्द तोलून वापरतो. आपण तक्रार केली तर त्याची किंमत आत त्याला मोजावी लागेल, ही धास्ती असते. म्हणून ज्यांचा माणूस सुटून आला आहे किंवा दुसऱ्या तुरुंगात आहे, त्यांना समितीवर घ्यावं आणि तक्रारी तुरुंगाबाहेरच्या कुणीतरी उघडाव्यात. सूचनापेटी फाटकापाशी पहारेकऱ्याच्या नजरेसमोर टांगली, तर ती रिकामीच राहणार, आणि ती रिकामी पेटी दाखवून कुणीतरी लिहिणार की नातेवाइकांची काही तक्रारच नाही.