खेळाडू विकणारे क्लब काही जिंकत नाहीत? सेव्हियाचं बघा

सध्या एक मेसेज फिरतोय की जे फुटबॉल क्लब स्वस्तात खेळाडू घेऊन महागात विकतात ते नुसता धंदा करतात, ट्रॉफी त्यांच्या नशिबात नसते. हे सरसकट खरं नाहीये.

स्पेनमधलं सेव्हिया घ्या. २००० मध्ये क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये घसरलेला, हातात पैसा नाही, तेव्हा त्यांचाच जुना गोलकीपर मोंची स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा) झाला आणि स्काऊटिंगवर, म्हणजे नवे खेळाडू हेरण्यावर, सगळा जोर दिला. २००५ मध्ये सर्जिओ रामोस रिअल माद्रिदला विकला, आणि पुढच्याच वर्षी यांनी यूईएफए कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, हिचंच नाव पुढे युरोपा लीग झालं) उचलला! २०१४ ला युरोपा लीग जिंकली, लगेच कॅप्टन राकिटिच बार्सिलोनाला गेला, तरी २०१५ आणि २०१६ ला परत तेच चॅम्पियन. २०१५ च्या फायनलमध्ये दोन गोल मारणारा बाका दोनच वर्षांपूर्वी बेल्जियमच्या ब्रुगेकडून घेतलेला आणि त्याच उन्हाळ्यात मिलानला विकलासुद्धा. ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकलेत, इतक्या वेळा दुसरं कोणीच नाही.

आता मेसेजमधला खरा भाग पण सांगतो, स्पेनच्या लीगचं टायटल त्यांना १९४६ नंतर मिळालेलं नाही, आणि आता त्याचं एक कारण हेही की लीगच्या ३८ मॅचेस सातत्य ठेवायला टीम टिकवावी लागते आणि इथे दरवर्षी कोणीतरी जातंच. २०२२ ला कुंदे आणि दिएगो कार्लोस हे दोन डिफेंडर एकदम विकले तर डिफेन्स पार कोलमडला, लीगमध्ये बारावे आले, पण युरोपा त्याच सीझनला जिंकली. म्हणजे विकणं हा प्रॉब्लेम नाहीये, गेलेल्याच्या जागी योग्य माणूस वेळेत आला की नाही यावर सगळं ठरतं.