बर्फ वितळला म्हणून चांदी शुद्ध ठरत नाही

धनत्रयोदशी जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो आत्याने पाठवला. ‘चांदीचं नाणं घरीच तपासा, सोनाराकडे जायची गरज नाही.’ नाणं चुंबकाला चिकटत नसेल, त्यावर बर्फ झटकन वितळत असेल, टाकल्यावर खणखणीत वाजत असेल, कधीच काळं पडत नसेल आणि वर ९९९ (म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी) असं उमटवलेलं असेल, तर ते शंभर टक्के शुद्ध. शेवटी पुस्ती: जुना राणीछाप रुपया तर डोळे झाकून घ्या.

माझे मामा सांगलीतल्या विट्याकडचे, गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. वितळलेली चांदी मुशीतून ओतताना बघतच मी मोठा झालो. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना. हे सगळं खोटं आहे असं नाही. पण यातल्या चाचण्या फार तर ‘ही चांदी नाही’ एवढं सांगतात. चांदी आहे का आणि किती आहे, हे त्यांना कळत नाही.

चुंबकाचं पटकन उरकतो. तांबं, पितळ, जस्त, शिसं, ॲल्युमिनियम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. हळदीकुंकवाच्या वाणात सर्रास येणारं जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं असतं, त्यात चांदीचा कणही नसतो.

बर्फाची गोष्ट जास्त फसवी, कारण ती डोळ्यांना दिसते. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते हे खरंच आहे. पण तांबं तिच्या पाठोपाठच आहे: चांदीचा आकडा ४२९, तांब्याचा ४०० च्या आसपास. एवढा फरक बर्फाच्या खड्यावर नुसत्या डोळ्यांनी कुणाला ओळखता येणार?

नाणं वाजवून घ्यायची रीत जुनी आहे, आणि शिशाचं किंवा ओतीव खोटं नाणं बद्द वाजायचं म्हणून ती उपयोगीही होती. पण आवाज नाण्याच्या जाडीवर, आकारावर आणि कठीणपणावर ठरतो, टक्क्यांवर नाही.

‘खरी चांदी काळी पडत नाही’ हे मात्र साफ उलटं आहे. देवघरातली निरांजनं ज्यांनी घासलीत त्यांना हे सांगायलाच नको. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, अगदी ९९९ वरही. वर्षानुवर्षं लखलखीत राहणाऱ्या नाण्याचाच मला आधी संशय येतो. वर निकेलचा मुलामा किंवा लॅकरचा पारदर्शक लेप असू शकतो.

राहिला ९९९ चा शिक्का. तो उमटवायला ठसा आणि हातोडा पुरतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, आला, पण तो ऐच्छिक ठेवला. नाण्यावर असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. नुसते तीन आकडे म्हणजे विकणाऱ्याचा शब्द.

आत्याचं दहा ग्रॅमचं, ९९९ लिहिलेलं नाणं चुंबक, बर्फ आणि आवाज या तिन्हींत पास झालं होतं. मी दोन दशांश दाखवणारा काटा घेतला, वर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडलं, तळाला टेकू न देता. काट्यावर येतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. चांदी असती तर काट्यावर ०.९५ ग्रॅम दिसायला हवं होतं, कारण तिची घनता १०.४९. दिसलं १.१२, म्हणजे घनता ८.९. मामांनी कडेला कानस मारली, तर आत लालसर तांबं.

पण या चाचणीलाही डोक्यावर घेऊ नका. वीस ग्रॅमच्या ९९९ नाण्याला १.९१ येतं आणि ९२५ ला, म्हणजे साडेब्याण्णव टक्क्यांच्या नाण्याला, १.९३. नाण्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की हा फरक गेला. खरी टक्केवारी हवी असेल तर सोनाराकडून टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, काढून घ्या. टंच मशीनही वरच्या पातळ थरापुरतंच बघतं, जाड मुलामा त्याला फसवू शकतो. शंका मोठी आणि माल जास्त असेल, तर नमुना कापून नायट्रिक ॲसिडात विरघळवून टायट्रेशन, म्हणजे रसायनाने चांदीचं प्रमाण मोजायची चाचणी, करतात. त्याचा निकाल पक्का.

आता राणीछाप. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर तोळाभर, आणि चांदी ९१.७ टक्के. शंभर टक्के ते कधीच नव्हते. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, वजन तेच ठेवून. १९४७ चा रुपया तर निकेलचा. बाजारात या सगळ्यांना सरसकट राणीछाप म्हणतात आणि भावही तसाच सांगतात. म्हणून घेताना आधी मागची साल वाचा. आत्याच्या देव्हाऱ्यात आजीपासून पुजलेले पाच रुपये आहेत. त्यातले दोन १९४४ चे निघाले.