योजना 'पुढच्या महिन्यात' सुरू होणार म्हणता, म्हणजे नेमकं कधी, राजेहो?

सामायिक जाहिरात-कमाईची योजना. आपल्या नागपूरच्या छोट्या वेबसाइटवाल्यांनी एकत्र यायचं, पैसे एका खात्यात, महिनाअखेरी वाटणी. पोळ्याला सुरू होणार होती. मारबत निघाली, दिवाळी सरली, आता म्हणे संक्रांत! विचारलं की ठरलेलं उत्तर, 'सर्व्हरचं काम सुरू आहे.' काहून बे, सर्व्हर अंबाझरी तलावात पडला का?

अडतं ते भलतीकडेच. प्रत्येक साइटवर ॲड्स.टीएक्सटी फाइल ठेवायची असते, म्हणजे या साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतं त्याची यादी. तिच्यात पब्लिशर आयडीचा, म्हणजे आपल्या जाहिरात-खात्याच्या नंबराचा, एक आकडा चुकला की जाहिरातदारांची बोली येणं थांबतं. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गुगलच्या जाहिरात-कमाईच्या सेवेत, 10 डॉलर जमले की पत्त्याच्या खात्रीसाठी पिन टपालाने येतो, त्यात दोन-चार आठवडे जातात. 100 डॉलर होईस्तोवर पैसे सुटत नाहीत, आणि सुटले तरी पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेला. हे काय आज कळलं? तारीख जाहीर करतानाच मोजायचं ना!

खरी गोम वाटणीत आहे. खोट्या क्लिकची रक्कम गुगल मागाहून कापून घेतं. तोवर पैसे वाटून झाले असतील तर वसूल कोणाकडून करायचे, महाल भागातल्या साइटवाल्याकडून की धरमपेठवाल्याकडून? एकाने हौसेने स्वतःच्याच जाहिरातींवर क्लिक केलं तर सगळ्यांचं खातं बंद होऊ शकतं. याचा करार कोणी लिहिलेलाच नाही.

पाच साइट घ्या, एक्सेलमध्ये हिशेब ठेवा, एक महिन्याची रक्कम राखून बाकीची वाटा, झालं. पण नाही, बैठका चालल्यात लोगोवर. संत्रं सोललेलं दाखवायचं की अख्खं!