येणाऱ्या फोनवर घर कसं चालवावं

समजा, उद्या सकाळी तुमच्या हातात एक देश आला. लहानसाच, पण स्वतःचा. तिजोरीत खडखडाट, शेजारी कर्ज देईनात आणि निम्मी तरुण पोरं परदेशात. घाबरू नका. पोरं परदेशात आहेत म्हणजे घरी फोन करणारच. त्यांचा आवाज तुमच्या हद्दीत शिरला की आत्याच्या घरातल्या फोनपर्यंतचा जो शेवटचा तुकडा उरतो, त्याचे मालक तुम्ही. जकात नाका आठवतो ना? तिथे ट्रक अडवायला दांडा लागायचा, पावतीपुस्तक लागायचं, रात्रपाळीचा कारकून लागायचा. इथे फक्त आवाज अडवायचा आहे. आवाज काही आडरस्त्याने पळून जात नाही, असं निदान पहिली काही वर्षं तुम्ही धरून चालायला हरकत नाही.

आधी हिशोब समजून घ्या. आमची आजी आहेराची वही ठेवायची. कुणी काय दिलं, आपण त्यांच्याकडे काय दिलं, बाकी कुणाकडे किती. दोन देशांच्या टेलिफोन कंपन्या कित्येक दशकं हीच वही ठेवत आल्या. मिनिटाला एक दर ठरवायचा, त्याला म्हणायचं अकाउंटिंग रेट. निम्मा तुझा, निम्मा माझा. माझ्याकडून तुझ्याकडे किती मिनिटं आली, तुझ्याकडून माझ्याकडे किती गेली, वजाबाकी करायची आणि ज्याने जास्त फोन केले त्याने फरक मोजायचा. ही सेटलमेंट. १९८८ साली मेलबर्नला जगातल्या देशांनी जे नियम मंजूर केले, त्यांत हा हिशोब नाणेनिधीच्या एसडीआर नावाच्या हिशोबी एककात किंवा सुवर्ण फ्रँकमध्ये करायची सोय होती. हा सुवर्ण फ्रँक कुणाच्याही खिशात नव्हता. असं चलन जरूर वापरा. त्यात कुणाच्या बायकोला कांद्याचा भाव काढता येत नाही.

आता वही नीट वाचलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्या माणसांनी बाहेर फोन न करणं यातच आपलं कल्याण आहे. त्यांनी केला तर आपण देणं लागतो, त्यांना आला तर आपल्याला येणं. तेव्हा जाणारा फोन महाग ठेवा. चांगला दणकून महाग. परदेशातल्या मुलाला वाटलं पाहिजे की आईला फोन करायला सांगण्यापेक्षा आपणच केलेला बरा.

यात आम्ही एके काळी चांगले पारंगत होतो. १९८६ साली ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचं विदेश संचार निगम झालं आणि पुढे २००२ च्या मार्चअखेरपर्यंत परदेशी फोनला भारतात शिरायला आणि भारताबाहेर पडायला दार एकच, ते या निगमचं. आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रहाचं भूकेंद्र झालं. जुन्नरच्या त्या रानात उभी असलेली ती भली मोठी ताटली आभाळाकडे तोंड करून साऱ्या जगाचं ऐकत होती. ऐकण्याचे पैसे मिळत. बोलायचे द्यावे लागत.

आमच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी-पीसीओ होता. काचेची केबिन, आत एक स्टूल, दार लावलं की जीव घुसमटायचा आणि उघडं ठेवलं की रांगेतल्या सगळ्यांना तुमच्या घरातलं भांडण कळायचं. फोनच्या वर लाल आकडे. परदेशचा फोन लागला की ते आकडे रिक्षाच्या मीटरसारखे नाही, लिफ्टसारखे वर जायचे. नव्वदच्या दशकात अमेरिकेला मिनिटाला साठ रुपयांच्या वर पडायचे. आत्या काय काय बोलायचं ते कागदावर मुद्दे काढून आणायची. मग त्यातला पहिला सव्वा मिनिट ‘ऐकू येतंय का?’ आणि ‘हो, तुला येतंय का?’ यात जायचा, पुढचं मिनिट रडण्यात, आणि कागद तसाच घडी घालून पर्समध्ये परत. बूथवाल्याचा छोटा छपाईयंत्राचा डबा चिर्र करून चिठ्ठी फाडून द्यायचा. आत्याने त्या चिठ्ठ्याही जपून ठेवल्या आहेत. कशासाठी, ते विचारायचं नाही.

दर चढा ठेवलात की कुणीतरी विचारणार, एवढा का? उत्तर तयार हवं. गरिबांसाठी. हा शब्द कधी वाया जात नाही. आपल्याकडे २००३ पासून ‘अॅक्सेस डेफिसिट चार्ज’ नावाचा आकार होता. खेड्यात फोन देताना येणारी तूट भरून काढायला तो परदेशातून येणाऱ्या फोनवरही बसवला. २००५ मध्ये मिनिटाला ३ रुपये २५ पैसे, २००६ मध्ये १ रुपया ६० पैसे, २००७ मध्ये १ रुपया, आणि २००८ मध्ये तो संपला. म्हणजे अबू धाबीत गवंडीकाम करणारा माणूस बायकोला फोन करून खेड्यातल्या टेलिफोनला हातभार लावत होता, आणि ते खेडं बहुतेक वेळा त्याचंच होतं. हा फिरता परोपकार तुम्हीही आपल्या देशात जरूर सुरू करा.

पण सावध राहा. पलीकडेही कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं, आणि त्याच्याकडे वकील जास्त असतात.

अमेरिकेचंच घ्या. तिथे फोन स्वस्त, देशोदेशीची माणसं तिथे जाऊन बसलेली, त्यामुळे फोन तिथून जास्त जायचे. १९९६ च्या सुमारास अमेरिकी कंपन्या वर्षाला पाच अब्ज डॉलरहून जास्त फरक जगाला मोजत होत्या. मग १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या एफसीसी नावाच्या दूरसंचार आयोगाने देशांची पंगत मांडली. श्रीमंत देशांना मिनिटाला १५ सेंट, मधल्यांना १९, गरिबांना २३. श्रीमंतांनी १९९९ उजाडताच या दरावर यायचं, गरिबांना त्यामानाने जास्त सवड. आपण गरिबांच्या ओळीत, २००२ च्या १ जानेवारीपर्यंत. कुणी म्हणालं, दुसऱ्या देशाचे दर तुम्ही कोण ठरवणार? उत्तर इतकं सोज्वळ होतं की वहीत उतरवून घ्या. आम्ही तुमचे दर मुळीच ठरवत नाही, तुम्ही हवा तो लावा. आम्ही फक्त आमच्या कंपन्यांना सांगतोय की यापेक्षा जास्त द्यायचा नाही. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेलं आणि १९९९ मध्ये कोर्टानेही तेच म्हटलं. वाण्याला तुम्ही तांदळाचा भाव सांगत नाही, फक्त पोराच्या हातात चाळीसच रुपये देऊन पाठवता. यात वाण्यावर कुठे काही बळजबरी आहे?

याच काळात कॉलबॅकचा धंदा जोरात होता. इथून अमेरिकेतल्या एका यंत्राला रिंग द्यायची, ठेवून द्यायचा, मग यंत्र उलट फोन करतं आणि तुम्ही अमेरिकेच्या दराने बोलता. आमच्या सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे बघा, एक रिंग देऊन ठेवून देण्याच्या विद्येत जगात आमचा हात धरणारा कुणी नाही, ‘पोचलो की एक रिंग दे’ हे आमच्याकडे बाळकडूत येतं, आणि त्याच विद्येचा धंदा अमेरिकन करून गेले.

दर वाढवायचाच असेल तर एकट्याने वाढवू नका, सगळ्यांनी मिळून वाढवा, असा मोह होईल. फिलिपीन्सच्या कंपन्यांनी २००३ मध्ये तसं करून पाहिलं. साध्या फोनचा दर ८ सेंटचा १२ केला आणि जे देईनात त्यांच्या लाइन बंद. एफसीसीने आपल्या कंपन्यांना सांगितलं, पैसे देणं थांबवा. टोंगाने तर कमालच केली. लाखभर वस्तीचा देश, म्हणजे आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी शहर. त्यांच्या सरकारने मिनिटाला ३० सेंट ठरवले. २००९ मध्ये तिथलेही पैसे थांबले. आणि २०१२ मध्ये पाकिस्तानात चौदा कंपन्यांनी परदेशी फोन एकाच दाराने आत घ्यायचं ठरवून दर थेट ८.८ सेंटवर नेला. आधीच्या कितीतरी पट. नाव दिलं ‘क्लिअरिंग हाऊस’. त्यांच्याच देशाच्या स्पर्धा आयोगाला ती कंपूबाजी वाटली, अमेरिकेने जुन्या दरापेक्षा जास्त द्यायचं नाही असा हुकूम काढला, आणि फोन चोरवाटेने जायला लागले. तेव्हा नाव निवडताना काळजी घ्या. ‘हाऊस’ म्हटलं की लोकांना जुगार आठवतो. ‘प्राधिकरण’ म्हणा. ‘प्राधिकरण’ म्हटलं की कुणाला काही आठवत नाही.

आमच्या प्राधिकरणाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ट्राय, म्हणजे आमचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, ही दर वरखाली करण्याची शाळाच. परदेशातून आलेला फोन इथे वाजवायचे २००९ पासून मिनिटाला ४० पैसे, त्याआधी ३०. २०१५ मध्ये ५३. २०१८ मध्ये पुन्हा ३०, कारण चोरट्या मार्गाने येणारे फोन थांबायला हवेत. २०२० च्या मे महिन्यापासून ३५ ते ६५ पैशांच्या मधे काय हवं ते, कारण बाहेरचे देश आपल्याकडून जास्त घेतात आणि आपणच का स्वस्तात वाजायचं? तोवर देशातल्या देशात फोन वाजवायचा आकार २० पैशांवरून १४, १४ वरून ६ असा उतरत होता आणि २०२१ च्या १ जानेवारीला शून्य झाला. आपला तो बाब्या, त्याला फुकट. परदेशातून आलेला, मग तो आपलाच बाब्या का असेना, त्याने नाक्यावर पैसे मोजायचे. हे सगळे दर कंपन्यांनी एकमेकांना द्यायचे असतात, ग्राहकाने नाही, हे निवेदनात ठळक अक्षरात छापा. ग्राहकाला ते वाचून बरं वाटतं. पैसे शेवटी फोन करणाऱ्याच्याच कार्डातून कापले जातात, पण ते कार्ड दुसऱ्या देशातलं, आणि तिथले लोक तुम्हाला मतं देत नाहीत.

आता पोटातलं सांगतो. आवाज आडरस्त्याने जात नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. जातो. आत येणाऱ्या फोनला पन्नास पैसे आणि गल्लीतल्या फोनला सहा पैसे, असा फरक ठेवलात की मधल्या चव्वेचाळीस पैशांवर संसार उभे राहतात. लागतं फार थोडं. एक भाड्याची खोली, बऱ्यापैकी इंटरनेट आणि सिम बॉक्स, म्हणजे एक चपटी पेटी जिच्यात सिमकार्डं फणीच्या दातांसारखी ओळीने खोचलेली असतात. परदेशातला फोन इंटरनेटवरून त्या खोलीत येतो आणि पेटीतल्या एखाद्या सिमवरून गावठी फोन होऊन बाहेर पडतो. वरतून बघणाऱ्याला वाटतं, शेजारच्या आळीतूनच कुणी बोलतंय. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने थेट लातूरला असा बेकायदा एक्स्चेंज पकडला. सिलिकॉन व्हॅलीत लोक गॅरेजात सुरुवात करतात म्हणे. त्यांच्या गॅरेजापेक्षा आपली लातूरची खोली काही कमी नव्हती.

छापे घाला, अवश्य घाला. जप्त पेट्या टेबलावर मांडून फोटो काढा. दर मात्र तसाच राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी मांडायला पेट्या कुठून आणणार?

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सअॅप आल्यावर कोण फोन करतं? तिथेही मार्ग निघतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतात, पण बोलायला गेलं की लागत नाही. तिकडचा नाका अजून जागा आहे. आणि जिथे नाका मोडला तिथे नवा मांडायचं चाललं आहे. २०१२ मध्ये दुबईलाच जगाची परिषद भरली, तेव्हा युरोपातल्या टेलिफोन कंपन्यांची सूचना होती की जो जास्त डेटा पाठवेल त्याने पोचवणाऱ्याला पैसे द्यावेत. तेव्हा जमलं नाही. आता आपल्याकडच्या मोबाइल कंपन्यांची संघटना तेच ‘न्याय्य वाटा’ म्हणून मागते. आहेराची वही तीच, फक्त नवरा-नवरी बदलले. तुमचा देश लहान असला तरी या लग्नाला जरूर जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल.

आमचा आत्तेभाऊ दुबईला असतो. मागच्या आठवड्यात रात्री आत्याचा फोन वाजला, पडद्यावर बीडकडचा कुठलातरी अनोळखी नंबर. मी म्हटलं, उचलू नकोस, कर्जवाले असतील नाहीतर फसवणारे.

आत्या म्हणाली, ‘तिकडे आत्ता साडेनऊ झाले. तोच आहे.’ आणि उचलून पहिलं वाक्य म्हणाली, ‘ऐकू येतंय का?’