२००३ च्या सप्टेंबरात ग्रहण नव्हतं

धावपटू दीप्ती जीवनजीवरचा एक मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर आत्तापर्यंत चारदा तरी आला असेल, दर वेळी वेगळ्या काकांकडून. त्याचं सार असं: तेलंगणातल्या एका खेड्यात सूर्यग्रहणात मुलगी जन्मली, ग्रहणामुळे तिचं डोकं लहान राहिलं, ओठ-नाक वेगळं झालं, बुद्धी मंद झाली, गावाने वेडी म्हटलं, माकड म्हटलं, आणि त्याच मुलीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात. त्याखाली प्रतिक्रिया: "हिचे हात-पाय तर धड आहेत, ही अपंग कशी?" "गट पाडून पाडून पदकं वाटतात हो." "अशा मुलीला काय कळतंय, कोच पळवतात तशी पळते."

गेल्या वेळी मी खाली नुसतं 'चुकीचं आहे' लिहिलं. त्यावर उत्तर आलं, काय चुकीचं आहे ते तरी सांग. रास्त आहे, तेव्हा सांगते.

आधी ग्रहण. ही गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही, हे मान्य. दीप्तीच्या आईनेच मुलाखतीत तसं सांगितलं होतं. गावकरी आणि नातेवाईक मुलीला 'पिच्ची' म्हणजे वेडी आणि 'कोती' म्हणजे माकड म्हणायचे, अनाथाश्रमात पाठवा म्हणायचे, हेही त्यांनीच सांगितलं. ज्या बाईने इतकी वर्षं हे ऐकून घेतलं तिच्याशी वाद घालायची मला अजिबात इच्छा नाही. पण पुढे ढकलणाऱ्यांना एकदा पंचांग उघडायला काय हरकत होती? दीप्तीची जन्मतारीख २७ सप्टेंबर २००३. त्या वर्षी सूर्यग्रहणं झाली दोनच. ३१ मे रोजी कंकणाकृती, त्याचा पट्टा स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंडकडून गेला. आणि २३ नोव्हेंबरला खग्रास, ते अंटार्क्टिकावर. चंद्रग्रहणंही मे आणि नोव्हेंबरमधलीच. सप्टेंबरात काहीच नाही.

आता कुणी म्हणेल, खेड्यात दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख यांचा मेळ असतोच असं नाही. खरंय. माझ्या आईचा वाढदिवस निम्म्या गावाबरोबर १ जूनला येतो. म्हणून तारीख घटकाभर बाजूला ठेवू. बाळाचा वरचा ओठ जुळून येतो तो गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू त्यानंतर लवकरच. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते, तेव्हाच हे काम उरकत आलेलं असतं. मग बाळंतपणाच्या दिवशी आकाशात काय चाललंय, याने ओठाचा किंवा डोक्याचा आकार मागे जाऊन बदलणार कसा? असे दोष राहतात ते जनुकांमुळे, गरोदरपणातल्या काही औषधांमुळे, धूम्रपानामुळे, रुबेलासारख्या संसर्गामुळे. अनेकदा नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. दीप्तीच्या बाबतीत काय झालं, हे ठरवणारे आपण ग्रुपवरचे कोण?

यावर मी इतकी का थांबले ते सांगते. १९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण मला आठवतं. आत्याला सातवा महिना होता. सकाळी सकाळी तिला आतल्या खोलीत पाटावर बसवलं, खिडकीला गोधडी लावली. विळीला हात नाही, सुईला नाही, अंग खाजवायचं नाही. आत्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि आजी दाराबाहेरून म्हणत होती, "झालंच गं, मोक्ष होऊ दे." बाळ छान झालं, श्रेय गोधडीला गेलं. पण समजा बाळाच्या ओठात काही खोट राहिली असती, तर आत्याने तेव्हा काय चिरलं, कुठे खाजवलं, याची चौकशी आजही चालू असती. ग्रहणाचं कारण वाचायला निरुपद्रवी वाटतं. घरात मात्र ते आईच्या माथी येतं.

आता "हात-पाय तर धड आहेत". अगदी बरोबर. दीप्ती धावते तो गट टी-२०. हा गट बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा आहे. इथे कृत्रिम पायाचं ब्लेड नसतं, दोरी धरून सोबत धावणारा गाइड नसतो, व्हीलचेअर नसते. टीव्हीवर बघणाऱ्याला काही दिसतच नाही. पण दिसत नाही म्हणजे तपासलेलं नाही असं नव्हे. बुद्ध्यंक ७५ किंवा त्याहून कमी, रोजच्या व्यवहारात ठळक अडचणी, आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं, याचे कागद आधी आंतरराष्ट्रीय पातळीवर मंजूर व्हावे लागतात. मग खेळापुरतं वर्गीकरण वेगळं. नमुने ओळखणं, लक्षात ठेवणं, प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ, अशा चाचण्या होतात. त्या अक्षमतेचा त्या खेळावर परिणाम होतो हे दिसलं तरच प्रवेश.

म्हणूनच पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर टी-२० ला १०० मीटर नाही, २०० नाही. ४०० आणि १५०० आहेत. १०० मीटर बंदुकीच्या आवाजाबरोबर उधळून द्यायची असते. ४०० मीटर हिशेबाने खर्चावी लागते. लेनचे प्रारंभ पुढे-मागे असतात, त्यामुळे बाहेरच्या लेनमधल्या मुलीला पहिल्या वळणावर बाकीच्या दिसतसुद्धा नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे तिने अंदाजाने धरायचं. पहिल्या दोनशेत हात सैल सोडला तर शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये मांड्या दगडासारख्या होतात. राखून ठेवलं तर ते राखलेलं तसंच उरतं. दमलेल्या अवस्थेत पन्नास-पंचावन्न सेकंद हा हिशेब चालू ठेवायचा असतो, आणि या खेळाडूंना जड जातं ते नेमकं तेच.

लबाडी होऊ शकते का? झालेली आहे, आणि काय जबरदस्त झाली! २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्याच गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. नंतर त्याच संघातल्या एका पत्रकार खेळाडूने फोडलं की बारापैकी दहाजणांना कसलीही अक्षमता नव्हती. पदकं परत गेली. शिक्षा मात्र भलत्यांना झाली: अथेन्स आणि बीजिंगमध्ये पदकांसाठी हा गटच ठेवला नाही. दोन पॅरालिम्पिक खरे खेळाडू घरी बसले. २०१२ ला लंडनमध्ये गट परतला, ४०० मीटर तर २०१६ ला रिओत आली. आजच्या चाचण्या इतक्या कडक आहेत त्या या प्रकरणामुळे. संशय घ्यायचाच तर इतकं तरी ठाऊक असावं.

दीप्तीही कुणी शिक्का मारून दिला म्हणून या गटात आलेली नाही. वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची मुलगी, आई-वडील रोजंदारीवर. शाळेतच तिच्या पळण्याकडे लक्ष गेलं, पुढे प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिला हैदराबादला आणलं. बॅडमिंटनचे पुलेला गोपीचंद यांनी सुचवल्यावर तिच्या तपासण्या झाल्या आणि पॅरा स्पर्धांचा रस्ता उघडला. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५६.६९ सेकंदांत सुवर्ण.

मग "गट पाडून पदकं वाटतात". पॅरिसमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, त्यामुळे हे वाक्य फार चाललं. दीप्तीपुरतं बघू. ऑलिम्पिकमधल्या वेगवान धावपटूला १००, २००, ४०० आणि रिले असे तीन-चार दरवाजे असतात. टी-२० मधल्या मुलीला वेगाने पळायची एकच शर्यत. एक चुकली की थांबा पुढची चार वर्षं.

आणि ती एक शर्यत कशी झाली, हे मजकुरात सपशेल चुकलंय. सुवर्ण नव्हे, कांस्य. २० मे २०२४ ला कोबेच्या जागतिक स्पर्धेत दीप्तीने ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अमेरिकेच्या ब्रीआना क्लार्कचा ५५.१२ चा विक्रम मोडून. तुर्कीची आयसेल ओंडर तेव्हा ५५.१९ वर दुसरी होती. पॅरिसच्या प्राथमिक फेरीत, २ सप्टेंबरला, ओंडरने ५४.९६ ची वेळ देऊन तो विक्रम हिसकावला. दीप्तीनेही आपली फेरी ५५.४५ मध्ये जिंकली होती. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत: युक्रेनची युलिया शुलियार ५५.१६, ओंडर ५५.२३, दीप्ती ५५.८२. म्हणजे आदल्या दिवशी विश्वविक्रम करणारी दुसरी आली. आणि दीप्तीने मे महिन्यातली स्वतःची वेळ पुन्हा दिली असती, तर सुवर्ण तिचं होतं. वाटपाची पदकं अशी निसटतात का हो? भारताच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूचं पॅरालिम्पिकमधलं हे पहिलंच पदक. ते कांस्यच राहू द्या, त्याला सोन्याचा मुलामा कशाला.

"काय कळतंय तिला" याला मी उत्तर देणार नव्हते. कल्लेड्यात तिला 'पिच्ची' म्हणणाऱ्यांवर आपण सगळ्यांनी रडके इमोजी टाकले, आणि चार ओळी खाली मराठीत तेच म्हटलं, एवढंच दाखवून देते.

राहता राहिली एक गोष्ट, जी मजकुरात कुणीच घालत नाही. आजोबा वारल्यावर जीवनजी कुटुंबाला पोटासाठी शेत विकावं लागलं होतं. हांगझोऊच्या पदकानंतर हातात आलेल्या पैशातून त्यांनी ते परत विकत घेतलं. पुढच्या वेळी मजकूर फिरवाल तेव्हा ग्रहण काढून तिथे हे टाका, ओळींची संख्या तेवढीच राहील.