'चालतंय ते चालू दे' म्हणणाऱ्या फॉरवर्डला सांगलीतून उत्तर

परवा तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. म्हणे, मीडियाविकी (विकिपीडियासारख्या विकी ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) एकदा नीट चालू लागला की हात लावू नये. आतल्या वापराचा विकी कुणी फोडत नाही, अपग्रेड केलं की एक्स्टेन्शन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बिघडतात, बॅकअप होस्टिंगवाला घेतोच आणि अगदीच वाटलं तर पाच-सहा वर्षांनी एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारावी. खाली कुणाचं तरी 'चालतंय की!' सांगलीतल्या एका छोट्या संस्थेचा विकी मी फावल्या वेळात सांभाळतो, म्हणून लिहितोय.

आतल्या विकीचं आधी. मीडियाविकीत डिसेंबर २०२१ मध्ये बुजवलेल्या सुरक्षेच्या भोकांपैकी एक नेमकं खाजगी विकींच्या मुळावर उठणारं होतं. लॉगिनशिवाय एखादं जरी पान वाचायची मुभा दिलेली असली, तरी अनडूची (केलेला बदल मागे घेण्याची) लिंक जराशी बदलून बाकीची बंद पानं वाचता येत. दुरुस्ती १.३५.५, १.३६.३ आणि १.३७.१ या आवृत्त्यांमध्ये आली. हात न लावणाऱ्यांच्या विकीत भोक तसंच राहिलं.

एक्स्टेन्शन बिघडतात, हे खरंय. माझंही बिघडलं. १.३५ वरून १.३९ वर जाताना नव्या फायली जुन्याच फोल्डरवर ओतल्या, एक्स्टेन्शन तीच ठेवली. ब्राउझरमध्ये पान पांढरंफटक. लोकलसेटिंग्ज या सेटिंगच्या फायलीतल्या, एक्स्टेन्शन चालू करणाऱ्या ओळी एकेक बंद करत गेलो, सातव्या ओळीला विकी उठला. चूक माझीच, एक्स्टेन्शन त्या-त्या मीडियाविकी आवृत्तीसाठी बनवलेलं घ्यायचं आणि फायली कोऱ्या फोल्डरात उघडायच्या, एवढं साधं होतं. आता आधी जुन्या लॅपटॉपवर प्रत उभी करतो.

बॅकअपचा मुद्दा सगळ्यात घातक. डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची एका फायलीत उतरवलेली प्रत) घेतला की लेख आले, पण चित्रं इमेजेस फोल्डरात आणि सेटिंग लोकलसेटिंग्ज डॉट पीएचपीत असतात. ती डंपमध्ये येत नाहीत. त्यात आपल्या मराठीची वेगळी भानगड. जुन्या विकीच्या डेटाबेसमधल्या टेबलांवर शिक्का लॅटिन-१ चा (युरोपीय अक्षरांपुरती जुनी पद्धत) आणि आत मजकूर यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीही चालणारी पद्धत), असं बरेचदा असतं. डंप घेताना ही अक्षरांची पद्धत (कॅरेक्टर सेट) चुकली, तर परत भरल्यावर 'हळद'च्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. आणि ऑगस्ट २०१९ चा पूर विसरलात? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ च्या वर गेलेली. ओळखीच्या एका कार्यालयात सर्व्हर तळमजल्यावर होता, बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही गाळात. बॅकअप घेतलेला होता, बरं का.

उडीचं म्हणाल तर १.३५ च्या आधीचा विकी १.४३ थेट घेत नाही. मधल्या आवृत्तीवर उतरावंच लागतं, पुण्याला जाणाऱ्या लाल डब्याला कराड चुकत नाही तसं. वर १.४३ ला पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलाय ती) ८.१ लागतं आणि १.३५ जुन्या ७ वर चालतो, म्हणजे एका कामासाठी दोन पीएचपी. त्यापेक्षा दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या पकडाव्यात: १.३९ नोव्हेंबर २०२२ ची, १.४३ डिसेंबर २०२४ ची, प्रत्येकीला तीन वर्षं दुरुस्त्या. दोन वर्षांतून एक रविवार जातो.

माझाही गेला. अपग्रेडपुरता विकी फक्त वाचण्यासाठी उघडा ठेवला, आणि अपडेट जिथून चालवतात त्या कमांड लाइनला त्यातून सूट द्यायला विसरलो, म्हणून अपडेटच अडली. तेवढ्यात संस्थेतल्या एका काकांचा फोन. "अरे, जतन का होईना?"

"थांबा काका, पाचपर्यंत."

पावणेपाचलाच झालं.